मातीच्या भिंती, वय वर्षं हजार!

बालमित्रांनो, पावसाळ्यात मातीच्या भिंतीची काय दशा होते, ते तुम्ही गावी पाहिलं असेल. ओल धरते, पोपडे पडतात, कधी अख्खी भिंतच बसते! मग हजार वर्षं उभा असलेला मातीचा मठ आहे म्हटलं, तर खरं वाटेल? चला तर हिमाचल प्रदेशात, स्पिती नदीकाठच्या ताबो गावी!

तीन हजार मीटरहून उंच असलेलं हे गाव. भोवती उघडेबोडके डोंगर. इथला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, सन ९९६ मध्ये उभारला गेला. बाहेरून पाहिलात तर म्हणाल, "हॅ, एवढंच?" पण बुटक्या दारातून आत शिरा. आधी नुसता अंधार. मग हळूहळू भिंतींवरून तीसहून अधिक मूर्ती तुमच्याकडे पाहू लागतात. त्याही मातीच्याच बरं का! खालच्या बाजूला रंगीत चित्रं. त्यांत बुद्धाची जीवनकथा आहे, आणि गुरूमागून गुरू शोधत, प्रश्न विचारत फिरणारा सुधन नावाचा मुलगाही आहे. म्हणूनच ताबोला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात.

पण हा मठ काही नुसतं पाहायचं ठिकाण नाही. आजही इथे लामा राहतात. सकाळी रांगेनं बसून ते एका सुरात प्रार्थना म्हणतात. गावातल्या आज्या हातात जपमाळ घेऊन प्रदक्षिणा घालतात.

मग या मातीच्या टिकण्याचं गुपित काय? एक म्हणजे, उंच डोंगर पावसाचे ढग अडवतात, त्यामुळे इथे पाऊस फारच थोडा. आणि दुसरं, माणसांचे हात! बांधल्यावर ४६ वर्षांनीच मठाची डागडुजी झाली, तसा लेख आतच आहे. १९७५ च्या भूकंपात मठाला तडाखा बसला. तेव्हाही लोकांनी तो सावरला आणि १९८३ मध्ये शेजारी नवं प्रार्थनागृह बांधलं.

आता मात्र हवामान बदलतंय. कधी नव्हे तो जोराचा पाऊस इथेही येतो आणि मातीच्या छपरातून पाणी झिरपतं. चित्रांवर त्याचे ओघळ उतरले, तर ते रंग पुन्हा कुठून आणायचे?

कधी आईबाबांबरोबर ताबोला गेलात, तर आत फोटो काढू नका, भिंतीला बोटही लावू नका. अंधारात क्षणभर गप्प उभे राहा. हजार वर्षं कितीतरी हातांनी जपलेलं हे धन आहे. आता पाळी आपली, नाही का?