कडिया ध्रोच्या वाटेवर

कच्छ पश्चिमेला, पण बडोद्याच्या पाणीगेटहून निघणाऱ्यानं आधी पूर्वेकडेच तोंड करायचं. आजवा रोडनं हायवेला लागायचं, दुमाडपाशी अमदावादचा एक्स्प्रेस-वे धरायचा आणि मग विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद करत सुरजबारीचा पूल ओलांडायचा. भुज सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढेच. डिकीत तंबू, अंथरूण-पांघरूण, छोटा स्टोव्ह, दशम्या, चिवडा आणि पाण्याचे कॅन. कॅन सोडून यातलं काहीही विसरलं तरी निभावतं.

आजवा रोड ज्याच्या नावाचा, ते सरोवर सयाजीरावांनी बांधवलं. शंभराहून अधिक वर्षं बडोदं त्याचं पाणी पितंय. पावसाळा आला की त्याच्या पातळीचे आकडे आमच्याकडे घराघरांत बोलले जातात, कारण धरणाच्या ६२ दरवाजांतून पाणी वाहू लागलं की विश्वामित्री नदी फुगते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांपलीकडे गेली आणि मगरी वस्त्यांत शिरल्या. भुजला मात्र हमीरसर तलाव काठोकाठ भरून ओसंडला की गावाला सुट्टी मिळते, तलावाची पूजा होते, मेघलाडू होतात. एकाच राज्यातली दोन शहरं. एक तलाव भरला म्हणून सामान वरच्या मजल्यावर नेतं, दुसरं नवे कपडे घालून काठावर जमतं. मला वाटतं, बडोदेकरानं कच्छ बघायचा तो या फरकासाठी. पांढरं रण आणि रणोत्सवाचे सजवलेले तंबू त्यानंतर.

कडिया ध्रो नखत्राणा तालुक्यात, भुजहून गाडीनं तासाभरावर. शेवटचा रस्ता कच्चा, त्यापुढे पायी. खुरट्या बाभळींचं माळरान तुडवत जावं आणि पायापुढची जमीन एकाएकी खाली उतरावी, अशी ही जागा. खाली वालुकाश्माच्या भिंती: गेरूच्या, हळदीच्या, कुठे जांभळट रंगाच्या, थरावर थर. कच्छचा हा वालुकाश्म दहा कोटी वर्षांहून जुना. वाहत्या पाण्यानं आणून टाकलेली वाळू दबून दगड झाली, तिच्यातलं लोह गंजलं, त्याचा हा तांबडा रंग. मग पाण्यानंच तो दगड पुन्हा कापायला घेतला. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहतात आणि खडकाला भोकं पाडतात. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथला दगड काळा, कठीण बसाल्ट. इथला मऊ, म्हणून कडा कुठेच टोकदार राहत नाही, सगळं वळत, घसरत जातं. बोट फिरवलं की वाळूचे कण हाताला लागतात.

कच्छात वर्षाला साधारण ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस. तोही मोजक्या दिवसांत, कधी काही तासांत. माती धरून ठेवायला पुरेसं गवत नाही, दाट झाडोरा नाही. पडेल ते पाणी ओढ्याकडे धावतं. एरवी कोरडी असणारी नदी त्या चार तासांत जे कापते, ते बारमाही नदीला क्वचितच साधतं. म्हणून पावसाळ्यात इथे उतरू नये, आणि थंडीतही तंबू पात्रात न ठोकता वरच्या माळावर ठोकावा. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वर कुठे काय पडलंय ते कळत नाही.

२०२१ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या जगभरच्या आवडत्या ठिकाणांच्या यादीत हे नाव आलं आणि गाड्या वाढल्या. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की पात्रात साचलेल्या डोहांत साबण नेऊ नका. मालधारी पशुपालकांची गुरं अशाच डोहांवर उन्हाळा काढतात. आधी गावात विचारावं, मग मुक्काम करावा. कचरा, उरलेली राखसुद्धा, गाडीतून परत आणावी.

पायी हिंडून नद्या पाहण्याची शिकवण बडोद्याला नवी नाही. काका कालेलकर इथल्या गंगनाथ विद्यालयात होते. विद्यालय बंद पडल्यावर ते हिमालयात पायी हिंडले. पुढे त्यांनी नद्यांवर ‘लोकमाता’ लिहिलं. नदीकडे नातेवाइकासारखं बघणारी ती नजर कोरड्या पात्रातही कामी येते.

परत फिरायची घाई नसेल तर खावड्यावरून रणातल्या सरळ रस्त्यानं खडीर बेटावर जावं. धोलावीरा तिथेच. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधोमध वसलेलं हे हडप्पाकालीन शहर. ओढ्यांना बांध घालून लोकांनी पाणी वळवलं आणि साठवायला तलाव खोदले. काही तर थेट खडकात कोरले. पूर्वेकडचा तलाव ७३ मीटर लांब आणि सुमारे दहा मीटर खोल. कडिया ध्रोमध्ये पाण्यानं दगड कापलेला पाहून आलेल्या माणसानं या तलावाच्या पायऱ्यांजवळ एक अख्खी दुपार द्यावी. छिन्नीचे घाव कुठे आणि पाण्याची रेघ कुठे, ते शोधायला तेवढा वेळ लागतोच.