हृदयाची आणेवारी

माझ्या पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया सुखरूप पार पडल्यानंतर डॉक्टरांनी केमोचा जो तक्ता आखून दिला, त्यात डॉक्सोरुबिसिन नावाचे एक लालभडक औषध होते. ते रोगाचा निकराने समाचार घेते, परंतु काही रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूलाही उपद्रव करते, आणि शरीरात गेलेली त्याची एकूण मात्रा जसजशी वाढते तसतसा हा धोकाही वाढत जातो, हे त्यांनी आम्हांस आरंभीच स्वच्छ सांगितले. आणि पहिला डोस देण्यापूर्वीच टूडी इको करून घेण्याची ताकीद दिली. या साऱ्या उपचारातील सर्वांत दूरदर्शी हुकूम तोच होता, असे माझे मत आहे.

"काकू, डाव्या कुशीवर व्हा, हात डोक्याखाली घ्या," असे म्हणत इकोच्या खोलीतील तंत्रज्ञ मुलीने पत्नीच्या छातीवर ईसीजीच्या तारा चिकटवल्या आणि शस्त्रक्रियेचा ताजा वण हलक्या हाताने चुकवून, बरगड्यांमधील फटीत जेल लावलेला प्रोब टेकवला. "श्वास सोडा, आता रोखा," अशा सूचनांबरोबर पडद्यावर डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, तीन निरनिराळ्या कोनांतून उमटली. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एड्लर आणि हर्ट्झ यांनी धातूमधील दोष शोधणारे ध्वनियंत्र मागून आणून हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम नोंदविले, त्या विद्येचा हा आजचा विस्तार होता.

आजवर इकोच्या अहवालात मी एकच आकडा शोधत असे : ईएफ, म्हणजे जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा. पण उभी हयात महसूल खात्यात घालवलेल्या मला हे ठाऊक असायला हवे होते, की तालुक्याची सरासरी आणेवारी समाधानकारक दिसत असतानाही एखाद्या गावचे पीक करपू लागलेले असते. हृदयाचेही तसेच : जवनिकेच्या आतल्या थरातील उभे तंतू बहुधा आधी थकतात, आणि मधल्या थरातील आडवे तंतू त्यांची उणीव काही काळ भरून काढतात. त्यामुळे ईएफ शाबूत राहतो आणि नुकसान दडून राहते. हे उभे आकुंचन मोजण्यासाठी त्या मुलीने स्नायूच्या कडेने रेघ ओढली, आणि करड्या चित्रातील बारीक ठिपक्यांचा क्षणोक्षणी माग काढून यंत्राने अंक दिला : उणे २१. स्नायू आखडतो म्हणून अंक ऋण, आणि साधारण उणे २०च्या आसपास असेल तर उत्तम, असे तिने समजावले.

काही डोसांनंतर पुन्हा तपासणी झाली तेव्हा ईएफ ६२वरून ६०वर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी होता. परंतु तो दुसरा अंक, ज्याला स्ट्रेन म्हणतात, उणे १७.२वर घसरला होता, आणि गोल नकाशातील गडद लाल रंग एका बाजूस फिकट गुलाबी झाला होता. "अहो, मला तर काहीच होत नाही, जिना चढतानाही दम लागत नाही," असे ती पुनःपुन्हा सांगत होती, आणि ते अक्षरशः खरे होते. मूळ अंकाच्या पंधरा टक्क्यांहून अधिक घट झाली तर ती दुर्लक्षिण्याजोगी नसते, असे हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले. आमची घट अठरा टक्के भरत होती. पहिली नोंद दफ्तरी नसती तर हा हिशोब कशाशी ताडून पाहणार होतो? केमो सुरू होण्यापूर्वीच्या त्या तपासणीवाचून एकही रुग्ण राहू नये, असे मला मनापासून वाटते.

हृदयाला आधार देणाऱ्या दोन गोळ्या अल्प मात्रेत सुरू झाल्या आणि केमो ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली. त्यानंतरच्या तपासणीत अंक उणे १९.४ आला. वर्षभरानंतरचा इको त्याच यंत्रावर करावा, असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आहे, कारण यंत्राची कंपनी बदलली की अंकही थोडा बदलतो.