कुठे अडले, ते सांग

दिवेलागण झाली की घरोघरी एक प्रश्न हटकून उभा राहतो. आई स्वयंपाकात गुंतलेली असते, वडील दिवसभराच्या श्रमाने थकून नुकतेच टेकलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी वही पुढे करून मूल म्हणते, "हे गणित सुटत नाही." पुष्कळ घरांत याला दोनच उत्तरे मिळतात. एक, "उद्या गुरुजींना विचार", आणि दुसरे, "आम्ही कुठे एवढे शिकलो आहोत?" पहिले उत्तर बहुधा उद्यावरच राहते. दुसऱ्याने मात्र मुलाची अशी समजूत होते की, गणित आणि विज्ञान ही आपल्या घरच्या माणसांची विद्याच नव्हे. एकदा ही समजूत मनात बसली की ती काढणे कठीण. वास्तविक, मुलाला साहाय्य करावयास आईबापांना ते गणित यावेच लागते असे नाही. मी हे कशावरून म्हणतो, तेच आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

गेली काही वर्षे माझे वास्तव्य सुरत शहराच्या कतारगाम भागात आहे. एके काळी हे शहराबाहेरचे, मळ्यांचे गाव होते. कतारगामची पापडी आजही सुरतेत नावाजलेली आहे, आणि हिवाळ्यात उंधियूसाठी गृहिणी ती नाव घेऊन मागतात. भाजीपाल्याचे मळे राखणाऱ्या आपल्या वाचकांना हे ऐकून कौतुक वाटेल. परंतु आज त्या मळ्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने, भरतकामाची यंत्रे आणि दाट वस्ती आहे. हिऱ्याचे कारागीर बहुतांशी सौराष्ट्रातून आलेले. कापडाच्या व भरतकामाच्या धंद्यात खानदेशातील, ओडिशातील, उत्तर प्रदेशातील माणसे. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालविते, यावरून या शहरात किती मुलखांची मुले एकत्र वाढत आहेत याची कल्पना यावी.

आमच्या घराला लागून एक ओटा आहे. संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात वस्तीतील काही मुले तेथे वह्या घेऊन येतात. ही शिकवणी नव्हे. फी नाही, फळा नाही, हजेरीपट नाही. ज्याचे काही अडले असेल त्याने यावे, एवढाच नियम. सातवीपासून बारावीपर्यंतची मुले येतात, आणि त्यांच्या शंका बहुधा गणिताच्या नाहीतर विज्ञानाच्या असतात.

प्रथम मला असे आढळले की, पुष्कळ मुलांचे गणित अडलेले नसते, भाषा अडलेली असते. घरात अहिराणी, ओट्यावर मराठी, शाळेत गुजराती, अशी त्यांची त्रेधा. गुजरातीत गणिताच्या उदाहरणाला ‘दाखलो’ म्हणतात. एका मुलाने घरी जाऊन आईला सांगितले, "बाईंनी दहा दाखले करून आणायला सांगितले आहेत." ती बिचारी घाबरली, शाळेतून नाव काढणार की काय, असे तिला वाटले! मराठीत ज्याला आपण लसावि आणि मसावि म्हणतो, त्यांना तेथे लसाअ आणि गुसाअ म्हणतात. आपले ‘त्वरण’ तेथे ‘प्रवेग’ होते, आणि आपला ‘संवेग’ तेथे ‘वेगमान’. मराठी शाळा सोडून मध्येच गुजराती शाळेत गेलेल्या मुलाला जुनेच ज्ञान नव्या नावाने भेटते, आणि ओळखीचा माणूस वेष पालटून आल्यासारखे ते बिचकते. अशा वेळी दोन नावे शेजारी शेजारी लिहून दिली की निम्मे भय तेथेच ओसरते.

भाषेच्या या प्रश्नाचा विचार करताना मला फादर वालेस यांची आठवण होते. येशूसंघाचे हे धर्मगुरू १९२५ साली स्पेनमध्ये जन्मले आणि १९४९ साली भारतात आले. १९६० पासून अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. शिकविण्यापूर्वी ते स्वतः विद्यार्थी झाले. गुजराती भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की पुढे ते त्या भाषेचे मान्यवर लेखक गणले गेले. गणिताची पुस्तके त्यांनी गुजरातीत लिहिली, नव्या गणिताला गुजराती शब्द दिले. एवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही. अहमदाबादच्या जुन्या पोळांत, साध्या कुटुंबांत, आज या घरी तर काही दिवसांनी त्या घरी असे पाहुणे म्हणून ते वर्षानुवर्षे राहिले. २०२० साली माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. परदेशातून आलेला एक विद्वान विद्यार्थ्यांच्या भाषेत आणि त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेला. मग आपल्याच घरातील मुलाच्या वहीपर्यंत आपल्याला जाता येऊ नये काय?

आता साहाय्य म्हणजे काय, याचा विचार करू. ओट्यावर येणारे नवे मूल बहुधा एकच गोष्ट मागते: "काका, उत्तर सांगा ना." उत्तर सांगणे फार सोपे असते. आजकाल त्यासाठी माणूसही लागत नाही. गणिताचे छायाचित्र मोबाइलला दाखविले की क्षणात उत्तर, तेही पायऱ्यांसकट, समोर येते. मूल ते उतरून घेते, वहीवर बरोबरची खूण मिळते, आणि अडलेले होते ते तेथेच अडलेले राहते. मोबाइलला मी दोष देत नाही. नीट प्रश्न विचारणाऱ्या मुलाला तोही उत्तम सोबती होऊ शकतो. परंतु प्रश्न नीट विचारता येण्यासाठी आपले नेमके काय अडले आहे हे आधी कळावे लागते. आणि ते कळण्यासाठी शेजारी बसून, घाई न करता ऐकणारे कोणीतरी लागते. म्हणून मी प्रत्येक मुलाला उलट विचारतो, "कुठे अडले, ते सांग." आरंभी ती गप्प बसतात. मग चाचरत बोलू लागतात. आणि कितीतरी वेळा असे होते की, सांगता सांगताच मूल थांबते, स्वतःशी हसते, आणि वही ओढून घेऊन लिहू लागते. मला तोंड उघडावे लागत नाही.

नववीतील एका मुलीची गोष्ट सांगतो. वडील भरतकामाच्या कारखान्यात, आई घरी बसून साड्यांना खडे चिकटविणारी. सहामाहीत मुलगी गणितात नापास झाली, तेव्हा घरात बोलणे निघाले की, शाळेचा खर्च करून काय उपयोग? आईबरोबर बसली तर चार पैसे तरी येतील. एके दिवशी ती एक उदाहरण घेऊन आली. एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी कमी केली, नंतर २० टक्क्यांनी वाढविली. तर मूळ किंमत आणि आताची किंमत यांत फरक किती? तिने लिहिले होते, फरक नाही. पुस्तकातील उत्तर निराळे होते. मी विचारले, "पोरी, पहिले २० टक्के कशाचे? आणि दुसरे २० टक्के कशाचे?" ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मी काही बोललो नाही. अखेर ती म्हणाली, "दुसऱ्या वेळी किंमत लहान झालेली आहे. म्हणजे वाढही लहान."

दुसऱ्या दिवशी ती आली ती वेगळेच गणित घेऊन. मंदीच्या दिवसांत तिच्या वडिलांचा १५,००० रुपये पगार २० टक्क्यांनी कापला होता. काम पुन्हा सुरळीत झाल्यावर २० टक्के वाढवून दिला, आणि आता पगार पूर्ववत झाला असे त्यांना सांगण्यात आले होते. मुलीने वहीत मांडले होते: कापले ३,०००, राहिले १२,०००, त्यावर वाढ २,४००, म्हणजे झाले १४,४००. दरमहा ६०० रुपये कमी. त्या रात्री वडील ते पान हातात घेऊन ओट्यावर आले. "हे बरोबर आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, "मुलीलाच विचारा." तिने त्यांना अहिराणीत पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितले. ते पैसे काही लगेच हाती आले नाहीत. कारखान्याच्या मेहताजींनी कागद ठेवून घेतला आणि पाहू म्हणाले. परंतु मुलीला शाळेतून काढण्याचे बोलणे त्या घरात पुन्हा निघाले नाही. पुढे ती दहावी बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झाली. आता ती लहान मुलांच्या वह्या पाहते, आणि त्यांना विचारते, "कुठे अडले?"

दुसरा अनुभव शेजारच्या एका गृहस्थांचा. ते सौराष्ट्रातून आलेले. सातवीनंतर शाळा सुटली आणि हिऱ्याच्या घंटीवर बसले ते आजतागायत. मुलगा बारावी विज्ञानाला. प्रकाशाच्या प्रकरणात तो अडला होता. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून क्रांतिक कोन सुमारे २४.४ अंश, हे त्याला सूत्राने काढता येत होते. पण त्याचा अर्थ लागत नव्हता. मी त्याला म्हटले, "हा प्रश्न तुझ्या वडिलांना विचार." तो संकोचला. वडील त्याहून अधिक संकोचले. मात्र "हिऱ्याचा तळ उथळ घासला गेला तर काय होते?" असे विचारताच त्यांची कळी खुलली. उथळ झाला तर प्रकाश खालून निघून जातो आणि हिरा निर्जीव दिसतो. फार खोल झाला तर मधोमध काळा दिसतो. ठरावीक उतारावरच तो आलेला प्रकाश वरती परत फेकतो. हे सारे त्यांनी बोटांनी कोन करून दाखविले. गोल हिऱ्याचे ५७ पैलू त्यांना पाठ होते. मुलगा ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे आत शिरलेला किरण तळाच्या पैलूवर क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनाने आपटला पाहिजे, तरच परत फिरेल." पुस्तकाने त्याला सूत्र दिले होते, अर्थ घरात होता. बाप स्वतःला अडाणी समजत होता, आणि आयुष्यभर तेच विज्ञान हाताने करीत होता.

खानदेशातील मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्यांच्या गावांकडून सुरतेला येणारी गाडी तापीच्या खोऱ्यातून येते. त्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, एक जुना शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला, आणि त्यास इ. स. १२०७ च्या सुमारास दान मिळाले, असे त्यात नोंदलेले आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ ११५० साली रचला. त्यातील पुष्कळ उदाहरणे ‘बाळे, सांग पाहू’ अशा जिव्हाळ्याने एका मुलीला विचारलेली आहेत, आणि तीही वेळूबनातील, तळ्याकाठची, भुंग्यांची, मोराची. एक उदाहरण असे: ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो बुंध्यापासून किती हातांवर मोडला? मी मुलांना म्हणतो, आधी चित्र काढा. काटकोन त्रिकोण दिसला की वाट सापडते. उत्तर १२ हात. कारण १२ चा वर्ग आणि १६ चा वर्ग मिळून ४००, म्हणजे उरलेल्या २० हातांचा वर्ग. आपल्याच मुलखात आठशे वर्षांपूर्वी गणिताची पाठशाळा होती हे ऐकून मुले ताठ बसतात. ही विद्या परक्यांची आहे, ही समजूत तेथे थोडी ढिली होते.

तेव्हा वाचकहो, संध्याकाळी मुलाने वही पुढे केली तर ‘मला येत नाही’ म्हणून ती परत सारू नका. अक्षरओळख नसलेल्या माउलीलाही चार गोष्टी करता येतात. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचावयास लावावे. मग विचारावे, "यात दिले काय आहे, आणि मागितले काय आहे?" त्याचे चित्र काढावयास सांगावे. आणि उत्तर आले की म्हणावे, "आता हे मला समजेल असे सांग." जे मूल आईला समजावून सांगू शकते, त्याला ते खरोखरच समजलेले असते, जे सांगू शकत नाही, त्याला निदान आपले कुठे अडले हे तरी कळते. तेवढे घेऊन ते दुसऱ्या दिवशी शिक्षकांपुढे उभे राहिले तर शिक्षकांचेही काम हलके होते.

आपल्या गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयात जाणारे तरुण-तरुणी आहेत. सुतार, गवंडी, वीजकाम करणारे, नौका बांधणारे कारागीर आहेत. मापे, उतार, दाब आणि प्रवाह हे त्यांच्या रोजच्या व्यवहारातले विषय. आठवड्यातून दोन संध्याकाळी चर्चच्या सभागृहात वा एखाद्याच्या ओटीवर यांपैकी कोणी तासभर बसले, तर त्यास खर्च कसला? एक सतरंजी आणि एक दिवा पुरे. मुलांनी काय विचारावे, याची काळजी करू नये, ती विचारतीलच. आपण फक्त उत्तर देण्याची घाई करू नये.