जर्सीवर नाव कुणाचं?

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. ‘मला फुटबॉलचं वेड आहे’ असं इथे फिलाडेल्फियात कुणाला सांगितलं की तो लगेच ईगल्सबद्दल बोलायला लागतो. ‘तो नव्हे हो, पायाने खेळतात तो’ असं म्हटलं की आपली मराठी मंडळी विचारतात, ‘कोल्हापूरला तर कुस्ती ना?’ कुस्ती आहेच. पण आमचा फुटबॉल कुस्तीच्याच घरी वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही सगळी फुटबॉल संघांची नावं आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या, आणि पुढे त्याच तालमींच्या पोरांनी हौद्यातली लाल माती झटकून बूट चढवले. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. हे मी दर वेळी सांगतो, म्हणून इथेही सांगून टाकतो.

पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, म्हणजे आमची मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ, असा सामना शाहू स्टेडियमवर असला की आमचे वडील दुकान लवकर बंद करायचे. आजीला ऑफसाइड म्हणजे काय ते मरेपर्यंत कळलं नाही, पण आम्ही घरी आलो की चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा : ‘आपली पेठ जिंकली का?’ हरलो असलो तर त्या रात्री जेवणावर कुणी फारसं बोलायचं नाही. बायको पुण्याची आहे. तिला हे सगळं अतिशयोक्त वाटतं. वाटू दे.

या तालमींची एक गोष्ट लहानपणी कधी लक्षात आली नव्हती, ती इथे आल्यावर आली. तालीम तुम्हाला तुमची जात विचारत नव्हती, राहता कुठे ते विचारत होती. कोल्हापुरात कितीतरी तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. कोकणातून आलेल्या भाडेकरूचा पोरगा दोन वर्षं पेठेत राहिला आणि त्याचा डावा पाय चांगला असला, तर तो पेठेचाच. सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाही, मारामाऱ्याही भरपूर व्हायच्या. पण त्या व्हायच्या पेठेवरून.

चार वर्षांपूर्वी धाकटीच्या सॉकर क्लबाचा एक सामना हॉर्शमजवळच्या मैदानावर होता. लोअर स्टेट रोड आणि काउंटी लाइन रोड जिथे मिळतात, तिथे ‘त्रिझूब’ नावाचं युक्रेनियन क्रीडा केंद्र आहे. तुमच्यापैकी बरेच जण गाडीतून तिथून गेले असतील. मीही कित्येकदा गेलो होतो, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मुली सराव करत होत्या आणि मी हातात थंडगार कॉफी घेऊन इकडेतिकडे बघत होतो. मग तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी गप्पा सुरू झाल्या आणि दुसऱ्या हाफमध्ये धाकटीने केलेला गोल माझ्या नजरेतून सुटला. तो विषय घरात अजून निघतो.

त्रिझूब म्हणजे त्रिशूळ. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांतून जी युक्रेनियन माणसं फिलाडेल्फियात आली, त्यांनी १९५० मध्ये हा क्लब काढला. त्या काळी हे चिन्ह त्यांच्या मायदेशात मिरवणं हा गुन्हा होता, कारण सोव्हिएत राजवटीत राष्ट्रीय चिन्हांना बंदी होती. युक्रेन नावाचा स्वतंत्र देश जगाच्या नकाशावर नव्हता, त्यामुळे युक्रेनची स्वतःची फुटबॉल टीमही नव्हती. पण फिलाडेल्फियात होती. ‘युक्रेनियन नॅशनल्स’ असं तिचं नाव. दिवसा कारखान्यांत राबणारी आणि रविवारी खेळणारी ही माणसं अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा, जिला आज यू.एस. ओपन कप म्हणतात, ती चार वेळा जिंकली : १९६०, १९६१, १९६३ आणि १९६६. १९६० च्या अंतिम सामन्यात लॉस एंजेलिस किकर्सवर ५-३ असा विजय मिळाला आणि पाचही गोल माइक नोहा या एकट्या गड्याने केले. १९६३ चा अंतिम सामना तर मला जास्तच भावतो, कारण समोर होता लॉस एंजेलिसचा आर्मेनियन संघ. आर्मेनियाही तेव्हा सोव्हिएत संघातच होता. म्हणजे स्वतःचं राष्ट्र हाती नसलेल्या दोन समाजांनी अमेरिकेच्या चषकाचा अंतिम सामना खेळला, आणि युक्रेनियन १-० ने जिंकले.

ही स्पर्धा १९१४ पासून चालू आहे. तिच्या विजेत्यांची यादी कधी फुरसतीत वाचून बघा, स्थलांतराचा इतिहासच हाती लागतो. १९६७ ते १९६९ अशी सलग तीन वर्षं न्यूयॉर्कचे ग्रीक. सत्तरच्या दशकात आणि १९८१ मध्ये मिळून पाच वेळा लॉस एंजेलिसचा ज्यू संघ मकाबी. १९८०, १९८२ आणि १९८३ मध्ये न्यूयॉर्कचा पॅनसिप्रियन फ्रीडम्स. हा सायप्रसमधल्या ग्रीक लोकांचा क्लब १९७४ मध्ये, म्हणजे तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलं त्याच वर्षी, स्थापन झाला.

आणि या सगळ्यांच्या आधीचा हाकोआ. व्हिएन्नातल्या ज्यू लोकांनी १९०९ मध्ये हा क्लब काढला. हिब्रूत ‘हाकोआ’ म्हणजे शक्ती, बळ. शरीर कमवा, मग कुणी तुम्हाला दुबळे म्हणणार नाही, हा त्यामागचा विचार. वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर तालीमच! १९२५ मध्ये ते ऑस्ट्रियाचे विजेते झाले. १ मे १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्यांचा सामना बघायला ४६,००० माणसं लोटली. अमेरिकेत फुटबॉलला इतकी गर्दी त्यानंतर सत्तरच्या दशकापर्यंत झाली नाही. त्या दौऱ्यानंतर त्यांचे बरेच खेळाडू इथेच राहिले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला तेव्हा क्लब बंद पाडला गेला, आणि जे युरोपात होते त्यांतले काही छळछावण्यांत मेले.

हे सगळं मी एकदा धाकटीच्या मैत्रिणीच्या वडिलांना सांगत होतो. ते अल्बेनियन, पण अल्बेनियाचे नव्हेत. उत्तर मॅसेडोनियातल्या तेतोवोचे. बोलता बोलता त्यांनी फोनवर लाल-काळ्या झेंड्यांनी भरलेल्या स्टेडियमचा फोटो दाखवला. त्यांचा क्लब श्कंदिया. अल्बेनियन भाषेत त्याचा अर्थ ठिणगी. १९७९ मध्ये, युगोस्लाव्हिया अस्तित्वात असताना, तिथल्या अल्बेनियन लोकांनी तो काढला. नावच ठिणगी, रंग अल्बेनियाच्या झेंड्याचे. सरकारची वक्रदृष्टी वळणार नाही तर काय होणार? आपल्या भाषेत मोकळेपणी ओरडता येईल अशी बाहेरची जागा म्हणजे ते मैदान, असं ते म्हणाले. २०११ मध्ये श्कंदिया पहिल्यांदा देशाचा विजेता झाला, तेव्हा हे गृहस्थ इथे ईशान्य फिलाडेल्फियात पिझ्झाच्या दुकानात रात्रपाळीला होते. घरी फोन लावला तर पलीकडे फक्त गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मी त्यांना आजीचा प्रश्न सांगितला. ‘आपली पेठ जिंकली का?’ याचं भाषांतर करायला मला दोन मिनिटं लागली, समजायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

आता थोडं कडू. आपल्याच इतिहासात अशा क्लबांची दुसरी बाजू लख्ख नोंदलेली आहे. मुंबईचे चौरंगी क्रिकेट सामने आठवा : युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. पुढे १९३७ मध्ये ‘इतर’ आले आणि ते पंचरंगी झाले. हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज पळवणकर बाळू, चर्मकार समाजातला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पण पुण्यात खेळत असताना चहाच्या वेळी त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जायचा. चेंडू सगळे त्याच्या हातून घेत होते, कप मात्र वेगळा. कर्णधारपद त्याला मिळालंच नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला आणि संघ जिंकला. १९४६ नंतर ते सामने बंद पडले, आणि बरंच झालं. म्हणजे ‘आपला संघ’ म्हटलं की प्रश्न सुटत नाही, तिथे तो सुरू होतो. आपला म्हणजे कुणाचा? आणि चहाला कोण कुठे बसणार?

हे सगळं डोक्यात घेऊन मी या वर्षी मंडळाच्या बैठकीत प्रस्ताव मांडला, की अकरा ते तेरा वयाच्या मुलामुलींची एक फुटबॉल टीम काढू या. गणपतीत लेझीम बसवतो, दिवाळीत नाटक बसवतो, मग हे का नको? पहिला प्रश्न आला विम्याचा, दुसरा मैदानाच्या भाड्याचा, आणि तिसऱ्यावर पाऊण तास गेला. टीममध्ये फक्त मराठी मुलं घ्यायची का?

दोन्ही बाजू मला मनापासून पटत होत्या, हे सांगायला हवं. एक काकू म्हणाल्या, ‘अरे, शाळेत, क्लबात, सगळीकडे ती सगळ्यांबरोबर असतातच की. आठवड्यातले दोन तास तरी एकमेकांची नावं नीट उच्चारणारी मुलं एकत्र येऊ देत.’ यात खोटं काय आहे? आमच्या थोरल्याचं नाव त्याच्या कोचने चार वर्षांत एकदाही नीट घेतलं नाही. दुसरीकडे एका तरुण सभासदाने विचारलं, की ज्या मुलाची आई मराठी आणि वडील आयरिश, तो चालेल का? वडील मराठी आणि घरात गुजराती बोलतात, तो? यावर जो हिशेब सुरू झाला, त्यात अर्धा, पाव, आजोळकडून असे शब्द ऐकू यायला लागले, आणि मला तो मातीचा कप दिसायला लागला.

तेव्हा मी युक्रेनियन नॅशनल्सचं उदाहरण दिलं. तो पाच गोलांचा माइक नोहा अर्जेंटिनाहून आलेला. त्यांचा आणखी एक गाजलेला खेळाडू अ‍ॅलेक्स इली ब्राझीलमध्ये जन्मलेला. छातीवर त्रिशूळ होता म्हणून गोल करणाऱ्याची वंशावळ कुणी तपासली नाही. उलट क्लबातूनही माणसं बाहेर, मोठ्या जगात गेली. युक्रेनमध्ये जन्मलेला, नॅशनल्सकडून खेळलेला वॉल्टर चिझोविच १९७६ ते १९८० अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. आज कोल्हापूरच्या तालमींकडूनही परदेशी खेळाडू खेळतात. गोल झाला की पेठ त्यांना खांद्यावर घेते. नाव आपलं, मैदान आपलं, शेवटी चहाही आपला, आणि दार उघडं. असं का चालू नये, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे.

सगळ्यांत उपयोगी मुद्दा मात्र धाकटीने मांडला, घरी, जेवताना. ती म्हणाली, ‘बाबा, तुमच्या त्या क्लबांना एक कारण होतं. कुणीतरी त्यांना नाही म्हणत होतं. आम्हाला कोण नाही म्हणतंय? आम्ही कशाला खेळायचं मराठी म्हणून?’ मराठीत बोलली, मध्ये चार इंग्रजी शब्द होते, पण मुद्दा नेमका होता. मी घास गिळला आणि विचार करत बसलो. तिला चिरडणारं सरकार नाही, बंदी घातलेलं चिन्ह नाही. त्रिझूबच्या दारावरचा त्रिशूळ १९९२ पासून स्वतंत्र युक्रेनचं राजचिन्ह आहे. म्हणजे तिथेही ते मूळ कारण संपलं होतं. तरी मैदान राहिलं. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने हल्ला केला तेव्हा आपल्या या भागातल्या कितीतरी घरांवर निळे-पिवळे झेंडे लागले, त्यांतली निम्मी घरं युक्रेनियन नसावीत. पण मदत कुठे नेऊन द्यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिला एवढंच म्हणालो, की आजी गेली तेव्हा आपण इथे होतो. पण तिला खांदा द्यायला तालमीची पोरं आली होती, त्यातल्या दोघांची नावंही मला माहीत नव्हती. त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, ‘माझी ती अल्बेनियन मैत्रीण आली तर चालेल ना?’

मंडळाने शेवटी असं ठरवलं : निम्म्याहून जास्त मुलं सभासदांच्या घरची असावीत, बाकी कुणीही. हा आकडा मला आवडलेला नाही, पुढच्या वर्षी तो काढून टाकायचा प्रयत्न करणार आहे. नावावरून वेगळीच लढाई झाली. ‘वॉरियर्स’, ‘टायगर्स’, ‘युनायटेड’ सगळं सुचवून झालं. अखेर मुलांनीच मत दिलं आणि जर्सीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत छापलं गेलं : तालीम. समोरच्या संघातल्या पालकांना ते वाचता येत नाही, म्हणून ते येऊन अर्थ विचारतात, आणि आमच्या टीमची व्हिएतनामी वंशाची बचावपटू त्यांना तो व्यवस्थित समजावून सांगते.

सध्या चौदा जण आहेत. सराव दर शनिवारी सकाळी नऊला, मैदानाचा पत्ता मंडळाच्या पत्रकात आहे. सरावानंतर चहा आणि पोहे, पोहे आणायची पाळी लावलेली आहे आणि त्यात वडिलांचीही नावं आहेत. गोलकीपर मात्र अजून मिळालेला नाही. तुमच्या घरी कुणी उंच, न घाबरणारं आणि सकाळी उठू शकणारं पोर असेल, तर कृपया कळवा. आडनाव कुठलंही चालेल.