उपकरण झोपण्याआधीची फट

संचालन प्रणाली आणि यंत्र यांच्यामधला दुवा सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो लिहिणाऱ्याला उपकरणाची वीज तोडणे अवघड जात नाही, अवघड जाते ती झोपायचे ठरणे आणि प्रत्यक्ष झोपणे यांच्यामधली फट, कारण जागे करणारा संकेत नेमका त्या फटीत आला तर तो कोणाच्याच पदरात पडत नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या शिवारात विहिरीवर मोबाइल स्टार्टर असेल, तर रात्री थ्री फेज आल्यावर शेतकरी घरूनच फोन लावून मोटर सुरू करू पाहतो. बॅटरीवर तग धरण्यासाठी झोपू लागलेल्या स्टार्टरला तो फोन कळलाच नाही, तर वाचवलेल्या मिलिवॅटना काय अर्थ उरतो? अशा गावातून पुण्यात आलेला शिकाऊ हाताखाली आल्यापासून ड्रायव्हर लिहिताना प्रस्तुत लेखकाच्या कामाचा क्रम उलटला. आधी खोळंबलेले संकेत तपासून मग जागरणाची व्यवस्था लावणे दिसायला नीटनेटके असते. पण टिकून राहणारा संकेत उशिराही वाचता येतो, क्षणिक स्पंद मात्र एकदा हुकला की हुकलाच. म्हणून व्यवस्था आधी लावायची, तपासणी नंतर करायची, आणि अधूनमधून उपकरण विनाकारण जागे होते हे सोसायचे. हे सोसवत नाही, कारण अहवालातला बचतीचा आकडा उतरतो, आणि त्या आकड्याचा लोभ प्रस्तुत लेखकाला अजून सुटलेला नाही.

लिनक्समध्ये २०१० साली राफाएल वायसॉकी यांनी या फटीवर काढलेला तोडगा साधा आहे: जागरणाच्या घटनांची मोजणी वाचायची, आवराआवर करायची, मग तोच आकडा कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, परत द्यायचा; मधल्या काळात एखादी घटना घडली असेल, तर कर्नल तो आकडा नाकारतो आणि झोप टळते. अँड्रॉइडचे वेकलॉक, म्हणजे काम संपेपर्यंत प्रणालीला झोपू न देणारी कुलुपे, त्यापेक्षा ओबडधोबड होती, पण फोन चुकू देत नव्हती, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. याउलट, फक्त स्मृतीला वीज देणारी जुनी गाढ झोप बाजूला सारून आलेले ‘मॉडर्न स्टँडबाय’ कधीकधी बॅगेतला लॅपटॉप तापवते, आणि त्यालाच प्रगती म्हटले जाते.

ड्रायव्हरमधली फट बुजवली तरी फोन घेणाऱ्या मॉडेमच्या पोटातला प्रोग्राम स्वतंत्रपणे झोपतो आणि उठतो. तिथे ड्रायव्हरचा हात पोचत नाही, आणि माहितीपत्रकात त्याविषयी बहुधा एक ओळही नसते.