ब्रह्मगिरीच्या पायऱ्या

ज्वालामुखी पाहावयाचा तर इटलीतील व्हेसुव्हियस किंवा जपानातील फुजी गाठला पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक नाशिककराने गच्चीवरून पश्चिमेकडे दृष्टी टाकली, तरी त्यास अग्नीचीच करणी दिसते. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, उत्तरेकडील सप्तशृंगी आणि साल्हेर ही सारी एकाच भट्टीतून निघालेली भावंडे होत.

गेल्या वर्षी रोहिणी नक्षत्र सरता सरता आम्ही चौघे समवयस्क स्नेही ब्रह्मगिरी चढून आलो. एक वकील, एक वैद्य, एक भूगोलाचे निवृत्त अध्यापक आणि चौथा मी, जन्मभर रूपावली घोकवून घेणारा. पावसाळ्यात या डोंगरावर येणारी मंडळी हिरवा शालू तेवढा पाहून जातात. डोंगराचे अंग पाहावयाचे असेल तर ते उन्हाळ्याच्या अखेरीस, गवत करपून कातळ उघडा पडला म्हणजे. शिवाय त्या दिवसांत जाळ्यांवर करवंदे पिकलेली असतात, हा लाभ वेगळाच. वैद्यांनी प्रथम पथ्याच्या गोष्टी सांगितल्या आणि मग सर्वांत अधिक करवंदे त्यांनीच खाल्ली!

वाटेत भूगोलाच्या स्नेह्यांनी समोरच्या कड्यावरील आडव्या रेघा दाखविल्या. आपल्याकडे शिखराच्या तोंडातून ज्वाळा उसळल्या, असे नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीस लांबच लांब भेगा पडून पातळ शिलारस बाहेर आला, दूरवर पसरला व थिजला. काही काळाने त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, जणू घावनावर घावन. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापिली आहे. पुढे पाण्याने ती कोरून काढिली. म्हणजे ब्रह्मगिरी हा रचला गेलेला ढीग नसून झिजून उरलेला अवशेष आहे. थराचा कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भागाचा उतार होतो, आणि डोंगरास पायऱ्या पडतात. या खडकास शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या नावावरून आला आहे.

असा भेगाळ उद्रेक मनुष्याने पाहिलाही आहे. आइसलंडात १७८३ साली लाकी येथे भूमी फाटली आणि आठ महिने शिलारस वाहिला. विषारी वायूंनी गुरे मेली, दुष्काळ पडला, व त्या बेटावरील सुमारे पंचमांश माणसे दगावली. आपल्या सह्याद्रीची घडण याहून कितीतरी पटींनी प्रचंड होती.

वकिलांनी उलटतपासणी आरंभिली. “अहो मास्तर, दगड इतका कठीण, तर एवढ्या उंचीवर नदी निघते कशी?”

उत्तर मोठे चित्तवेधक होते. प्रत्येक थराच्या वरच्या भागात थिजताना वायूचे बुडबुडे अडकून राहतात. काहींत पुढे स्फटिक भरतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात त्यांचे वैभव पाहावयास मिळते. या सच्छिद्र भागातून आणि भेगांतून पावसाचे पाणी मुरते, खालचा घट्ट थर लागला की आडवे वळते आणि कड्याच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते. पुराणकथा सांगते की, शंकरांनी ब्रह्मगिरीवर जटा आपटल्या. गोदावरी माथ्यावर प्रकटली, गुप्त झाली, गंगाद्वारी पुन्हा दिसली आणि अखेर कुशावर्तात गौतमांनी तिला अडविले. गुप्त होणारी व पुन्हा प्रकट होणारी नदी! ज्यांनी ही कथा रचिली, त्यांनी हा डोंगर डोळे उघडे ठेवून पाहिला होता, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

शेवटचा चढ कातळात कोरलेल्या पायऱ्यांचा आहे. त्यापूर्वीच डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई वाटेत भेटली. किल्ल्याच्या पहाऱ्याच्या जागांवरून वसलेल्या येथील वाड्यांस ‘मेट’ म्हणतात, ती तेथलीच. वकिलांनी पाण्याविषयी विचारले, तेव्हा ती न थांबताच म्हणाली, “बाबा, पाऊस लागला का समदीकडं पानीच पानी, अन् होळी झाली का हंडा डोईवर.”

१,४६५ किलोमीटर वाहून कित्येक जिल्हे भिजविणाऱ्या नदीच्या माहेरी ही अवस्था! कारण गूढ नाही. या खडकाच्या पोटात पाण्यास जागा थोडी. झाडी व माती असेल तरच पाऊस रेंगाळून मुरतो, एरवी धावत खाली जातो. असे असता येथे डोंगर फोडण्याचेही उद्योग होतात. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या उत्खननाविरुद्ध लोकांनी आवाज उठविला, तो उचितच होता. कोट्यवधी वर्षे टिकलेला थर सुरुंगाने क्षणात फुटतो आणि त्याबरोबर झऱ्याची वाटही मोडू शकते.

माथ्यावरून पश्चिमेस ढगांची राखी रेघ दिसत होती. उतरताना गंगाद्वाराकडे वळलो. गोमुखातून धार अशी नव्हतीच, थेंब पडत होते. भूगोलाच्या स्नेह्यांनी घड्याळ काढून ते मोजिले. मिनिटात अठ्ठेचाळीस भरले. वैद्यांनी ओंजळ धरली. ती भरेपर्यंत कोणी बोलले नाही.