किनारा दिसतो आहे ना?

आमच्या घरी समुद्राचा विषय जपून काढावा लागतो. सौभाग्यवतींच्या आजोबांचे धाकटे बंधू १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोटीने रेवसला निघाले, ते पोहोचलेच नाहीत. ऐन पावसाळ्यात काशाच्या खडकापाशी बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यामुळे बारावी होताच चिरंजीवांनी ‘मी जहाजावर जाणार’ असे जाहीर केले, त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही.

तोड काढली ती माझ्या आतेभावाने, दादाने. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढून तो आता एका गृहस्थांची मोटर यॉट सांभाळतो. डिसेंबरात ती गोव्याला न्यायची होती. “पोराला घेऊन ये. डोक्यातलं खूळ असेल तर उतरेल,” तो म्हणाला. सौभाग्यवतींनी एका अटीवर परवानगी दिली : किनारा सोडायचा नाही.

पहिला दिवस मोठा सुखाचा गेला. खांदेरीचे दीपगृह मागे पडले, दुपारी जंजिरा दिसला. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा, संध्याकाळी खाडीत नांगर आणि ताटात तळलेला बांगडा! ‘हा समुद्र म्हणजे नुसता रविवार आहे,’ असे मी म्हणालो देखील.

दादा मात्र सुकाणूपासून हलत नव्हता. कोळ्यांचे जाळे पंख्यात अडकले की यंत्र बंद. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, म्हणून भरती पाहूनच आत शिरायचे. खडक भरतीला पाण्याखाली दडलेले. त्यात पुढल्या बंदरात डिझेल मिळेल ना, हा घोर. इतक्यात घरून फोन आला, “किनारा दिसतो आहे ना?”

“वहिनींना सांग,” दादा म्हणाला, “दिसतोय, म्हणूनच मला झोप नाही!”

त्या रात्री डेकवर बसून त्याने उलगडा केला. भर महासागरात जहाजाखाली हजारो मीटर पाणी असते. आपटायला काही नसते. चार तास पहारा, आठ तास विश्रांती. वादळात कप्तान किनाऱ्याकडे धावत नाही, मोकळे पाणी शोधतो. मात्र काही मोडले तर हाताशी असेल तेवढ्यातच भागवायचे. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० साली ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून, वाटेत चार बंदरे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ही नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली. तिच्यातूनच अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता १५१ दिवस एकटे फिरले. एवढ्या वाटेला लागणारे डिझेल अशा नौकेत मावणारच नाही. तिथे वारा हेच इंधन.

“मग अवघड कोणतं?” चिरंजीवांनी विचारले.

“इथे चूक झाली तर सुधारायला वेळ नसतो. तिथे वेळ असतो, पण मदतीला माणूस नसतो.”

पोरगा बराच वेळ काळ्या पाण्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवसापासून भरती-ओहोटीचे कोष्टक त्याच्याच हातात होते.

घरी आल्यावर मी हे सारे सौभाग्यवतींना सांगितले. तुझ्या चुलत आजोबांची बोट काही महासागरात बुडाली नव्हती, हेही सांगितले. ती काही बोलली नाही. प्रवेशाचा अर्ज आठवडाभर टेबलावर पडून होता.

काल सहज पाहिले, तर आईच्या नावापुढे तिची सही होती. वडिलांची जागा तेवढी रिकामी आहे. मघापासून लेखणी हातात धरून मी बसलो आहे, आणि ती काही चालत नाही.